घर वाढवतेस, पण जाणार काय ते मोजलंस का?

घर घेतलंस, फार बरं वाटलं ऐकून. तेही हॅरोतलं, 1930च्या आसपास बांधलेलं, एका बाजूने शेजाऱ्याला चिकटलेलं, पुढे बाकदार बे विंडो आणि मागे लांबच लांब बाग. लंडनच्या वायव्येला मेट्रोपॉलिटन रेल्वेने आपल्या रुळांच्या कडेकडेने अशा वस्त्या उभ्या राहाव्यात म्हणून ‘मेट्रोलँड’ नावाने किती जाहिराती केल्या! पिनर घे, रेनर्स लेन घे, वेम्बली घे, साचा थोड्याफार फरकाने तोच. आपली कितीतरी मराठी कुटुंबं आज याच घरांत राहतात. त्यामुळे मी जे सांगणार आहे ते तुला बहुतेक जसंच्या तसं लागू पडेल.

वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येकाने जेवता जेवता दोन सल्ले दिले असतीलच. ‘वर लॉफ्ट काढा’ आणि ‘मागे एक्स्टेन्शन घ्या’. सांगणाऱ्याचं काय जातं? कर्ज तुझं, धूळ तुझ्या घरात, शेजार तुझा. लॉफ्ट काढूच नको असं मी म्हणत नाही. या जुन्या घरांत जागा खरंच दडलेली असते आणि मुलं मोठी व्हायला लागली की ती लागतेही. पण या कामात जे मिळतं ते नकाशावर ठळक रेघांनी काढलेलं असतं, आणि जे जातं ते कोणी काढून दाखवत नाही. म्हणून आज मी जाणाऱ्या गोष्टींबद्दलच बोलणार आहे.

बिल्डरला बोलावण्याआधी एकदा स्वतः माळ्यावर चढ. जुने कपडे घाल, तोंडाला मास्क लाव, चांगला टॉर्च घे आणि खाली शिडी धरायला कोणीतरी असू दे. पाय ठेवायचा तो फक्त लाकडावर. दोन लाकडांच्या मध्ये पडला तर सरळ खालच्या बेडरूमच्या छतातून बाहेर येईल.

वर गेल्यावर टॉर्च आधी छपराकडे वळव. आपल्या कोकणातल्या घरांसारखंच आढं, वासे आणि वाशांना मधोमध आधार देणारं आडवं लाकूड दिसलं, आणि मधली जागा मोकळी असली, की निम्मं काम झालं. सुताराने जागेवर कापून बसवलेलं हे छप्पर. साठच्या दशकानंतरच्या घरांत कारखान्यातून तयार होऊन आलेले त्रिकोणी सांगाडे असतात. मधे इतकी तिरकी लाकडं की माणूस धड उभा राहू शकत नाही. तिथे लॉफ्ट काढायचा तर छपराचा सगळा आधारच नव्याने उभारावा लागतो. या बाबतीत तुझं म्हातारं घर नव्या घरांपेक्षा जास्त सोयीचं.

मग टेप काढ. पायाखालच्या लाकडाच्या वरच्या कडेपासून आढ्याच्या खालच्या कडेपर्यंत माप घे. 2.2 मीटर भरलं तर बोलणी पुढे न्यायला हरकत नाही. पण हे सगळं माप तुझ्या वाट्याला येत नाही. आत्ता तू ज्यांच्यावर पाय ठेवलायस ती लाकडं खालचं छत धरून ठेवण्यापुरती आहेत, पलंग-कपाट आणि चार माणसांचं वजन घ्यायला नाहीत. नव्या जमिनीसाठी भिंतीपासून भिंतीपर्यंत स्टीलचे बीम टाकतात आणि जुन्या लाकडांच्या मधे जास्त खोलीची नवी लाकडं बसवतात. जमीन वर येते, छपराखाली इन्सुलेशनचा थर लागतो, आणि बघता बघता वीसेक सेंटिमीटर जातात. तुझा नवरा उंच आहे ना? मग त्यालाच वर पाठव आणि आढ्याखाली उभं कर. दोन हात रुंदीच्या पट्ट्यातच त्याला ताठ उभं राहता येत असेल तर मागे डॉर्मर, म्हणजे छपरातून बाहेर काढलेला उभ्या खिडकीचा भाग, केल्याशिवाय खोली होणार नाही, हे तिथल्या तिथे कळेल.

टॉर्च शेजाऱ्याच्या बाजूलाही फिरव. मधली विटांची भिंत थेट कौलांपर्यंत गेलीय की वर भगदाडं आहेत? काही जुन्या घरांत ती अर्धवट सोडलेली सापडते. आगीच्या दृष्टीने ती भगदाडं बुजवावी लागतात. पाण्याची टाकी कुठे आहे ते बघ, कारण ती हलवावी लागेल, आणि ओघाने गरम पाण्याची सगळी व्यवस्थाच बदलेल. जुनी टाकी, गॅरेजवरचे पन्हळी पत्रे, छतावरचं नक्षीदार आर्टेक्स यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्यावर या देशात पूर्ण बंदी आली ती 1999 साली, तुझं घर त्याच्या कितीतरी आधीचं. म्हणून काही खरवडून बघायला जाऊ नको. काम सुरू होण्याआधी तपासणी करून घे, म्हणजे मजूर हातोडा घेऊन आल्यावर काम थांबायचं नाही. आणि वटवाघळांच्या लेंड्या दिसल्या तर तशाच राहू देऊन आधी तज्ज्ञाला बोलाव. वटवाघळांना इथे कायद्याचं कडक संरक्षण आहे; त्यांची वस्ती मोडणं हा गुन्हा आहे.

आता जिना. लॉफ्टचा खरा निकाल छपरात लागत नाही, जिन्यात लागतो.

तुझ्या घराचा जिना बाहेरच्या भिंतीला लागून वर जातो, बरोबर? नव्या लॉफ्टचा जिना त्याच्याच डोक्यावरून न्यायचा असतो, म्हणजे जागा वाचते. पण नेमकं त्याच बाजूला तुझं छप्पर उतरतं आहे. तिथे डोकं वर काढायला जागाच नाही. म्हणून या घरांत कडेची उतरती कौलं काढून बाहेरची भिंत त्रिकोणात आढ्यापर्यंत चढवतात. त्याला हिप टू गेबल म्हणतात. तुझ्या रस्त्यावर ज्या घरांचं एक अंग चपटं आणि उभं दिसतं ना, ती सगळी त्यातलीच. जिन्यावर डोक्याला दोन मीटर उंची हवी असा नियम आहे. लॉफ्टच्या बाबतीत थोडी सूट मिळते, मध्यावर 1.9 आणि कडेला 1.8 मीटरपर्यंत. उतार 42 अंशांपेक्षा जास्त चालत नाही.

एवढं करूनही जिन्याची सुरुवात कुठून तरी करावी लागतेच, आणि ती बहुधा पुढच्या छोट्या खोलीच्या जिवावर होते. ती बॉक्स रूम आधीच एवढीशी. तिचा एक कोपरा जिन्याने खाल्ला की तिथे पलंग मावत नाही. टेबल-खुर्ची ठेवून ऑफिस म्हणायचं. म्हणजे तीन बेडरूमच्या चार झाल्या असं सगळ्यांना सांगायचं आणि झोपायला मात्र तीनच! वर नवी मोठी खोली आणि स्वतंत्र बाथरूम मिळालं हे खरं, पण त्यासाठी एवढा खर्च करायचा का, हे तुम्ही दोघांनी आकडा बघून ठरवायला हवं. म्हणून आर्किटेक्टकडे वरून दिसणारा नकाशा मागून थांबू नको. ‘जिन्यातून उभा कापलेला छेद दाखवा’ म्हण. त्या एका चित्रात डोकं कुठे लागतं आणि बॉक्स रूम किती जाते, दोन्ही दिसतं. तो काढायला जो टाळाटाळ करेल त्याच्याकडे काम देऊ नको.

आता घरातल्या माणसांचं. आई-बाबा दर उन्हाळ्यात येणार, तुझ्या सासूबाईही येतील. व्हिजिटर व्हिसावर एका खेपेला सहा महिन्यांपर्यंत राहता येतं, म्हणजे ही दोन दिवसांच्या पाहुणचाराची गोष्ट नाही. ‘आईबाबांसाठी वर मस्त खोली काढू, त्यांना एकांत मिळेल’ असं मनात असेल तर ते आत्ताच काढून टाक. आईचे गुडघे तुला माहीत आहेत. रात्री दोनदा उठणाऱ्या माणसाला दोन जिन्यांवर ठेवायचं नसतं. लॉफ्टची खोली तुमची दोघांची किंवा मोठ्या मुलाची. मोठ्यांसाठी खाली एक खोली आणि तिला लागून शॉवर आणि कमोड असलेलं लहानसं बाथरूम, त्यातही पाय उचलून आत जावं लागणार नाही अशी सपाट जमीन. कित्येकदा मागच्या एक्स्टेन्शनचा खरा उपयोग एवढाच असतो, आणि तो भल्यामोठ्या किचन आयलंडपेक्षा जास्त वर्षं उपयोगी पडतो. भिंतीला धरायला दांडा लावायचा असेल तर प्लास्टर करण्याआधी आत लाकडी फळी ठोकून घे. नंतर टाइल्स फोडायची वेळ येत नाही.

खालच्या मजल्याबद्दल आणखी एक, आणि हे नीट ऐक. सगळ्यांना हल्ली खालचा मजला सताड उघडा हवा असतो: हॉलची भिंत पाड, जिना बसायच्या खोलीतच आण, स्वयंपाकघर उघडं कर. आणि दोन वर्षांनी लॉफ्ट काढायला निघतात. पण लॉफ्टमुळे दुमजली घर तिमजली होतं, आणि मग आगीचे नियम बदलतात. वरच्या खोलीत झोपलेल्या माणसाला आग लागल्यावर जिन्याने थेट पुढच्या दारापर्यंत येता आलं पाहिजे, आणि ती वाट भिंतींनी बंदिस्त हवी. त्या वाटेवर उघडणाऱ्या खोल्यांना आग थोपवणारे दरवाजे लागतात. प्रत्येक मजल्यावर विजेवर चालणारे, एक वाजला की सगळे वाजणारे स्मोक अलार्म लागतात. तू आधीच भिंती पाडून बसली असशील तर त्या पुन्हा उभारायच्या, नाहीतर पाण्याचे फवारे सोडणारी यंत्रणा बसवायची. म्हणून लॉफ्ट चार वर्षांनी करायचा असला तरी आजच आर्किटेक्टला दोन्ही कामं एकत्र मांडायला सांग. बांधकाम टप्प्याटप्प्याने कर, विचार एकदमच कर.

आणि खरं सांगू? हॉलवेची ती भिंत आणि स्वयंपाकघराचं दार आपल्या घरांना सोयीचंच आहे. बोंबील तळलेस किंवा हिंगाची फोडणी दिलीस की उघड्या घरात वास जिन्याने वर जातो आणि थेट लॉफ्टमधल्या गादीत जाऊन बसतो. दारामागे टांगलेले ऑफिसचे कोट निराळे. काचेचं दार लाव, उजेडही येईल. चुलीवरचा पंखा हवा नळीने घराबाहेर टाकणारा घे. कोळशाच्या फिल्टरमधून तीच हवा खोलीत परत सोडणारा आपल्या स्वयंपाकाला पुरत नाही. नळी भिंतीतून कुठून जाणार हे बीम टाकायच्या आधी ठरव.

मागच्या एक्स्टेन्शनमध्ये जातो तो मधल्या खोलीचा उजेड. आत्ता तुझी जेवणाची खोली बागेकडे बघते. तिच्यापुढे आणखी खोली आली की ती घराच्या पोटात जाते, आणि इथल्या नोव्हेंबरात दुपारी तीनला तिथे दिवा लावावा लागतो. मग तिथे कोणी बसत नाही. बॅगा, इस्त्रीचं टेबल, मुलांची मोडकी खेळणी यांचं ते कोठार होतं. चिकटलेल्या घराला मागे तीन मीटरपर्यंत एकमजली वाढ प्लॅनिंगची परवानगी न काढता करता येते. कौन्सिलला आधी कळवून, शेजाऱ्यांना हरकत घ्यायची संधी देऊन, 42 दिवसांच्या प्रक्रियेतून सहा मीटरपर्यंतही जाता येतं. पण मिळतंय म्हणून सहा घेऊ नको. साडेतीन-चारमध्ये भागत असेल तर तिथेच थांब, आणि जुन्या घराची मागची भिंत होती त्या रेषेवर छतात लांबट काच बसव. उजेड वरून सरळ मधल्या खोलीत उतरतो.

मागे जमीन खणायच्या आधी बागेतलं मॅनहोलचं झाकण उघडून बघ. या रांगेतल्या घरांचं सांडपाणी बऱ्याचदा एकाच नळाने सगळ्यांच्या परसातून वाहतं. ऑक्टोबर 2011 पासून असे सामायिक नळ पाणी कंपन्यांच्या ताब्यात गेले, तुझ्या भागात थेम्स वॉटरच्या. त्यांच्या सांडपाण्याच्या मुख्य नळापासून तीन मीटरच्या आत बांधायचं तर त्यांची लेखी संमती लागते. ती काढली नसेल तर घर विकताना समोरचा वकील नेमका तोच कागद मागतो.

खाली लंडनची ती चिकणमाती. ओल मिळाली की फुगते, सुकली की आकसते. 1976च्या दुष्काळात तिने इथल्या कितीतरी घरांना तडे पाडले. तुझ्या घराचा जुना पाया उथळ असेल, नवा पाया मात्र निदान मीटरभर तरी खोल जाईल, आणि जवळ ओक किंवा विलो असेल तर त्याहून बराच खोल. किती, ते खड्डा खणल्यावर बिल्डिंग इन्स्पेक्टर बघून ठरवतो. म्हणजे कोटेशनमधला पायाचा आकडा हा अंदाजच असतो. जास्तीच्या प्रत्येक मीटर खोलीला किती दर पडेल ते आधीच लिहून घे. खड्ड्यात उभं राहून दराची घासाघीस करता येत नाही.

कागदांच्या बाबतीत पुष्कळ जणांचं गणित चुकतं, कारण तिन्ही कागद एकच आहेत असं त्यांना वाटतं. ते तीन वेगळे आहेत.

पहिला प्लॅनिंगचा. तुझ्यासारख्या घरांना ‘परमिटेड डेव्हलपमेंट’खाली बरंच काही परवानगीशिवाय करता येतं. लॉफ्टमध्ये रांगेतल्या मधल्या घराला 40 घनमीटर आणि एका बाजूने चिकटलेल्या घराला 50 घनमीटर वाढ चालते. हिप टू गेबल आणि मागचा डॉर्मर मिळून बहुधा त्यात बसतात. रस्त्याच्या बाजूला डॉर्मर चालत नाही, मूळ आढ्यापेक्षा उंच जाता येत नाही, साहित्य जुन्या घराशी मिळतंजुळतं हवं, बाजूच्या खिडक्यांना धुरकट काच हवी. पण हे माप मूळ घरापासून मोजतात, आणि मूळ घर म्हणजे 1 जुलै 1948 रोजी जसं होतं तसं, किंवा त्यानंतरचं असेल तर बांधलं तेव्हा होतं तसं. आधीच्या मालकाने काही वाढवून ठेवलं असेल तर ते तुझ्या हिश्शातून वजा होतं. कॉन्झर्वेशन एरियात छपराला ही सवलत नाही, आणि फ्लॅट किंवा मेझोनेटला तर यातलं काहीच नाही. कौन्सिल एखाद्या रस्त्यापुरती ही सवलत काढूनही घेऊ शकते. म्हणून परवानगी लागत नसली तरी कौन्सिलकडून ‘लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट’ काढून ठेव. पुढे कोणी विचारलं तर ‘बिल्डर म्हणाला होता’ हे उत्तर चालत नाही.

दुसरा बिल्डिंग रेग्युलेशन्सचा. हा प्लॅनिंगमध्ये सूट मिळाली तरी सुटत नाही. बीम, आग, जिना, इन्सुलेशन, वीज, सगळं तपासायला माणूस टप्प्याटप्प्याने येतो आणि शेवटी कम्प्लिशन सर्टिफिकेट मिळतं. ते नसेल तर कितीही सुंदर सजवलेला लॉफ्ट विकताना बेडरूम म्हणून खपत नाही. एजंट त्याला ‘लॉफ्ट रूम’ किंवा ‘स्टोरेज’ लिहून मोकळा होतो. तू घेतलेल्या घरात आधीच अशी काही खोली असेल तर तिचे कागद आजच शोध.

तिसरा पार्टी वॉलचा, 1996च्या कायद्याचा. लॉफ्टचा बीम तुमच्या-शेजाऱ्यांच्या मधल्या भिंतीत जातो, म्हणून काम सुरू करायच्या दोन महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागते. त्यांच्या घरापासून तीन मीटरच्या आत त्यांच्या पायापेक्षा खोल खणायचं असेल तर एक महिना आधी. चौदा दिवसांत त्यांनी लेखी होकार दिला नाही तर तो वाद धरला जातो. मग सर्व्हेयर नेमायचे आणि त्यांची फी बहुधा तूच भरायची. प्लॅनिंगची परवानगी असली तरी ही नोटीस चुकत नाही.

म्हणून सांगते, नोटीस लेटरबॉक्समध्ये टाकायच्या आधी शेजारी जाऊन बस. नकाशा हातात घेऊन जा, चहाच्या वेळी जा. एकटं राहणारं वयस्कर माणूस असेल तर त्याला कायद्यापेक्षा आवाजाची, धुळीची आणि आपली फुलझाडं तुडवली जाण्याची धास्ती असते. मचाण कुठे येईल, काम किती वाजता सुरू होईल, शनिवारी चालेल का, हे तू स्वतः सांग. त्यांच्या भिंतींवर आधीपासून असलेल्या चिरांचे फोटो दोघांच्या समोर काढून ठेव. पुढे ‘ही चीर तुमच्यामुळे’ हा वाद निम्मा तिथेच मिटतो. लॉफ्ट दोन-तीन महिन्यांत होतो, शेजार वीस वर्षं टिकवायचा असतो.

आता पैसे. बिल्डरने दिलेल्या आकड्यात 20 टक्के व्हॅट धरलाय का, हे पहिल्या मिनिटाला विचार. ‘प्लस व्हॅट’ हे दोन शब्द शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात असतात आणि ते धरले की तीन कोटेशनांची क्रमवारी उलटी होऊ शकते. एका पानावर एकच गोल आकडा देणाऱ्याला परत पाठव. मचाण, स्किप, स्टील, विजेचे पॉइंट, रेडिएटर, बाथरूमच्या टाइल्स, रंग, यातलं काय आत आणि काय बाहेर, ते ओळीओळीने लिहून हवं. बॉयलरला वरच्या बाथरूमचा भार झेपेल का, हेही आधीच विचार. सकाळी आठला तिघांनी आंघोळीला नळ सोडले आणि वर धारच येईना, तर तो चकचकीत शॉवर काय कामाचा?

‘आपलाच माणूस आहे, स्वस्तात करून देतो’ या वाक्यावर भुलू नको. माझ्या ओळखीतल्या एका बाईंनी अशाच भरवशावर जवळजवळ सगळे पैसे आधी दिले. छप्पर उघडं टाकून तो माणूस दुसऱ्या कामावर गेला आणि भर पावसाळी ऑक्टोबरात त्यांनी ताडपत्रीखाली दिवस काढले. मराठी असो, गुजराती असो, पोलिश असो, की इथलाच गोरा, करार लेखी हवा. घरगुती कामांसाठी जेसीटी या संस्थेचे तयार सोपे करार मिळतात. पैसे झालेल्या कामाच्या टप्प्यांवर दे: छप्पर पाणीबंद झालं की इतके, जिना बसला की इतके, प्लास्टर झालं की इतके. शेवटचे पाच टक्के हाताशी ठेव. बिल्डरने मागे केलेली दोन घरं जाऊन बघ, आणि घरमालकिणीला त्याच्या गैरहजेरीत विचार: ‘पुन्हा याच लोकांना बोलवाल का?’

घराच्या इन्शुरन्सवाल्यांना आणि मॉर्गेज देणाऱ्या बँकेला काम सुरू व्हायच्या आधी कळव. अर्धं छप्पर उघडं असताना काही झालं आणि त्यांना ठाऊकच नसेल, तर हात वर करायला त्यांना निमित्तच मिळतं. कौन्सिल टॅक्सची मात्र लगेच धास्ती घेऊ नको. घर वाढवल्याने तुझा बँड ताबडतोब वाढत नाही. तो पुन्हा ठरवतात तो घर विकल्यावर.

काम चालू असताना राहायचं कुठे? लॉफ्टचं बरंचसं काम बाहेरच्या मचाणावरून होतं, त्यामुळे सुरुवातीला खाली राहता येतं. मग येतो जिना बसवायचा दिवस. लँडिंगवरचं छत कापतात आणि नव्वद वर्षांची काळी भुकटी, धुरांड्याची काजळी, गांधीलमाश्यांची वाळकी पोळी, सगळं एकदम खाली येतं. त्या आठवड्यात मुलांना मैत्रिणीकडे पाठव, देवघर आणि पुस्तकं खालच्या खोलीत हलव, बेडरूमच्या दारांना झिप असलेलं प्लास्टिक लाव. मागचं एक्स्टेन्शन असेल तर स्वयंपाकघरच काही आठवडे जातं. इंडक्शनची शेगडी आणि कुकर घेऊन बसायच्या खोलीत संसार मांडायचा. ते जमतं. पण परीक्षा, बाळंतपण किंवा आई-बाबांची खेप त्याच वेळी आखू नको.

आणि उकाडा! इथे आल्यापासून आपण थंडीचाच विचार करतो. जुलै 2022 मध्ये या देशात पहिल्यांदाच पारा 40 अंशांच्या वर गेला. कौलांखालची ती खोली तेव्हा तव्यासारखी तापते. छपराच्या दोन्ही उतारांवर उघडणाऱ्या खिडक्या ठेव, म्हणजे वारा आरपार जाईल, आणि दक्षिणेकडच्या काचेला पडदा बाहेरून लागेल असा घे. आतल्या पडद्याने ऊन आत आल्यावरच अडतं. इन्सुलेशन बसवताना वर कौलांखाली हवा खेळायला नियमाप्रमाणे फट सोडलीय ना, तेही प्लास्टरबोर्ड ठोकायच्या आधी वर जाऊन बघ आणि फोटो काढून ठेव. बोर्ड लागल्यावर आत काय आहे ते कोणालाच सांगता येत नाही.

एवढं ऐकून तू म्हणशील, ताईने घाबरवलंच. घाबरू नको. माझं मत सरळ आहे. मुलं दोन असतील, दोघांपैकी कोणी घरून काम करत असेल आणि पुढची दहाएक वर्षं याच घरात काढायची असतील, तर लॉफ्ट काढ. या घरांत तो चांगला होतो. आईबाबा वरचेवर येणार असतील तर आधी खालची खोली आणि बाथरूम कर, लॉफ्ट मागून. आणि नुसती एक खोली कमी पडतेय, तीही पाहुणे आल्यावर, तर गॅरेज मोकळं कर, बॉक्स रूममधले खोके काढ, एक चांगला सोफा-कम-बेड घे आणि पैसे बँकेत राहू दे.

काम काढलंसच तर शेवटी एवढं लक्षात ठेव. बिल्डर गोड बोलेल, ‘सर्टिफिकेट येईल हो पुढच्या आठवड्यात, तुम्ही हप्ता सोडा’ म्हणेल. चहा दे, जेवायला घाल, पण कम्प्लिशन सर्टिफिकेट हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नको.